स्वयंसेवी संस्था, महाराष्ट्रातील

शासकीय यंत्रणेच्या बाहेर राहून, नफ्याचा हेतू न ठेवता, सार्वजनिक हितासाठी नागरिकांनी स्वेच्छेने स्थापन केलेल्या व स्वतःच्या नियमांनुसार चालविलेल्या संघटना. त्यांना अशासकीय वा बिनसरकारी संस्था असेही म्हणतात. सभासदांच्या आर्थिक हितासाठी चालणाऱ्या सहकारी संस्था, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष यांचा समावेश सामान्यतः या संज्ञेत होत नाही. तथापि या सर्वांचा उगम बहुधा एकाच सामाजिक चळवळीतून झाल्याने त्यांच्या सीमारेषा प्रत्यक्षात अनेकदा पुसट झालेल्या आढळतात.

राष्ट्रीय विकासातील स्वयंसेवी संस्थांच्या कार्याविषयी दोन मते प्रचलित आहेत. शासन जेथे पोहोचू शकत नाही, तेथे या संस्था सेवा पुरवितात व शासनाची उणीव भरून काढतात, असे एक मत आहे. नव्या कार्यपद्धती लहान क्षेत्रात सिद्ध करून दाखवाव्यात आणि ते कार्य व्यापक प्रमाणावर करण्यास शासनास भाग पाडावे, हे दुसरे मत. महाराष्ट्रातील सु. पावणेदोनशे वर्षांचा अनुभव मुख्यतः दुसऱ्या मतास पुष्टी देतो. शाळा, कुष्ठरोगनियंत्रण, बालवाडी, ग्रामीण आरोग्य आणि पाणलोट क्षेत्र विकास या क्षेत्रांत आज शासनाची म्हणून जी कार्ये ओळखली जातात, त्यांतील अनेकांचा प्रारंभ वा पहिला यशस्वी प्रयोग स्वयंसेवी संस्थांनी केला होता. त्याचबरोबर असा प्रयोग शासनाने स्वीकारला, की त्याचा कोणता भाग टिकतो व कोणता गळून पडतो, हेही याच इतिहासातून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : अन्नछत्रे, धर्मशाळा, पाणपोया, देवस्थानांच्या इनामी जमिनी यांच्या द्वारा दानधर्म करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ही दाने बहुधा व्यक्तीच्या वा घराण्याच्या नावे होत आणि त्यांमागे पुण्यसंचयाची प्रेरणा असे. एकोणिसाव्या शतकात यात मूलभूत बदल झाला. समान उद्दिष्टाने एकत्र आलेल्या, जन्माने एकमेकांशी संबंधित नसलेल्या व्यक्तींचे मंडळ, लिखित नियम, वर्गणी, वार्षिक अहवाल आणि जाहीर हिशेब ही नव्या संस्थेची लक्षणे ठरली. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने (१८६० चा अधिनियम क्र. २१) तिला कायदेशीर रूप दिले.

या काळातील अग्रेसर उदाहरण महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांच्या कार्याचे होय. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. तीमागोमाग अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह व १८७३ मध्ये सत्यशोधक समाज यांची स्थापना झाली. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्थापन केलेल्या सभेने १८४८ नंतर मुलींच्या शाळा चालविल्या. प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने पंढरपूर येथे १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम सुरू झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व पुढे केडगाव येथे आपले कार्य विस्तारले.

पुणे सार्वजनिक सभेचे (१८७०) कार्य वेगळ्या स्वरूपाचे होते. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–८०) यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या सभेने १८७६–७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली आणि रयतेच्या हलाखीकडे लक्ष वेधले. दुष्काळपीडितांना अन्न देणे व दुष्काळाची खरी आकडेवारी राज्यकर्त्यांपुढे ठेवणे ही दोन्ही लोकसेवेची अंगे आहेत, ही जाणीव येथून रुजली.

शिक्षण आणि शासनाची जबाबदारी : १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगापुढे शिक्षणाचा भार खाजगी प्रयत्नांवर किती सोपवावा, हा प्रश्न आला. या आयोगास सादर केलेल्या निवेदनात फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे दुर्लक्ष होत असल्याचे दाखवून, ते किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. स्वतः अनेक वर्षे शाळा चालविलेल्या व्यक्तीने ही मागणी करावी, यास विशेष महत्त्व आहे. वर्गणीवर चालणाऱ्या शाळा कितीही वाढल्या, तरी त्या शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचणार नाहीत आणि ते साधन केवळ करवसुली करणाऱ्या शासनाकडेच आहे, असा या भूमिकेचा आशय होता. भारत सेवक समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात मात्र छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यासही त्यांनी उत्तेजन दिले होते. तेथे समाजाचा पुढाकार व राजसत्तेचे साहाय्य यांची सांगड घातली गेली.

माध्यमिक व उच्च शिक्षणात खाजगी संस्थांनी मोठी मजल मारली. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५) यांच्या उभारणीत आजीव सदस्यत्वाची कल्पना पुढे आली. सुशिक्षित तरुणांनी अल्प वेतनावर आयुष्याची वीस वर्षे संस्थेस द्यावीत, हा तिचा गाभा होता. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम हिंगणे येथे वाढला व १९१६ मध्ये त्यातून महिला विद्यापीठ उदयास आले. या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. त्यापूर्वीची पस्तीस वर्षे ते लोकाश्रयावर व ठाकरसी कुटुंबाच्या देणगीवर चालले.

सेवाव्रती संस्था : विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या संस्था स्थापन झाल्या. गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांना निर्वाहापुरते वेतन घेऊन आजन्म देशसेवा करण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. या समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविली. कामगारांच्या वस्तीतील हेच काम त्यांना पुढे कामगार चळवळीकडे घेऊन गेले. अमृतलाल ठक्कर ऊर्फ ठक्करबाप्पा (१८६९–१९५१) यांनी याच समाजातून आदिवासी सेवेचे कार्य आरंभिले. विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनी १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी (डिप्रेस्ड क्लासेस मिशन) स्थापन केली. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदनाने (१९०९) परिचारिका व शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाद्वारे स्त्रियांना व्यवसायाचे क्षेत्र खुले करून दिले.

सेवा करणारा व ज्याची सेवा करावयाची तो, यांतील अंतर हा या संस्थांमधील एक उणा भाग होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने तो प्रश्न उघडपणे पुढे आणला. वाचनालये व वसतिगृहे यांबरोबरच अस्पृश्यांनी स्वतः संघटित होऊन आपले हक्क मागावेत, हे तिचे सूत्र होते. त्यांनीच १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) व औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय (१९५०) सुरू केले. पुढील काळात दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांचे मूळ या भूमिकेत आढळते.

निधी व उत्तरदायित्व : संस्थेचा पैसा कोठून येतो, यावर ती कोणास बांधील राहते, हे बव्हंशी ठरते. प्रारंभीच्या संस्थांचा निधी लहान रकमांतून जमत असे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा अशी होती व त्यातून तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. कर्वे यांनी आपल्या मुरूड गावासाठी १८८६ मध्ये मुरूड फंड काढला. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी सातारा जिल्ह्यातील काले येथे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या स्त्रिया मूठमूठ धान्य बाजूला काढीत. विद्यार्थ्यांनी कष्ट करून शिकावे, ही भाऊरावांची पद्धत पुढे ‘कमवा व शिका’ या नावाने रूढ झाली. संस्थेने ग्रामीण भागात शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या व त्या पुढे जिल्हा शाळा मंडळाच्या स्वाधीन केल्या.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भाऊरावांच्या शासनावरील टीकेमुळे मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविले. गाडगे महाराजांसारख्या लोकमान्य व्यक्तींनी संस्थेची बाजू घेतली. कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. अनुदान घेणाऱ्या संस्थेने अनुदान देणाऱ्यावर टीका करावी काय, हा प्रश्न या प्रसंगाने प्रथम ठळकपणे उपस्थित केला. मूठभर धान्य देणारी हजारो घरे पाठीशी असल्याने संस्थेला त्या संकटातून निभावता आले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वर्धा व विधायक कार्य : म. गांधींच्या विधायक कार्यक्रमाने वर्धा हे स्वयंसेवी कार्याचे अखिल भारतीय केंद्र बनले. १९३४ मध्ये तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी सांभाळले. खादीचे कार्य अखिल भारत चरखा संघ (१९२५) करीत असे. स्वातंत्र्यानंतर हे काम १९५३ च्या अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आणि १९५७ पासून वैधानिक आयोगाकडे आले. संस्थेचे कार्य शासनाने पूर्णतः आपल्याकडे घेतल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. त्यामुळे कार्याला स्थैर्य व निधी मिळाला. मात्र गावाने आपल्या गरजेपुरते कापड स्वतः निर्माण करावे, हे मूळ उद्दिष्ट मागे पडून अर्थसाहाय्य व सूट यांवर आधारलेल्या विक्रीला प्राधान्य आले.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातील अनुभव अधिक आशादायक आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये वरोडा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिच्या आनंदवनात रोगमुक्त व्यक्तींनी शेती, हस्तव्यवसाय व बांधकामे करून भिक्षेऐवजी श्रमावर आधारलेली वसाहत उभी केली. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने (१९५१) याहून निराळी दिशा घेतली. रुग्णास वसाहतीत वेगळे ठेवण्याऐवजी घरोघर पाहणी करून रुग्ण शोधणे, लोकशिक्षण देणे व घरीच उपचार करणे, ही त्रिसूत्री प्रतिष्ठानाने सेवाग्राम परिसरात प्रयोगाने विकसित केली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोगनियंत्रण कार्यक्रमाने ती स्वीकारली. १९८३ पासून बहुविध औषधोपचारांची जोड मिळून, २००५ च्या अखेरीस दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण ही पातळी देशाने गाठली.

नियोजनाचा काळ : पहिल्या पंचवार्षिक योजनेने (१९५१–५६) समाजकल्याणाच्या कामात स्वयंसेवी संस्थांचे साहाय्य आवश्यक मानले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख (१९०९–८१) यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन संस्थांना अनुदान देण्याची व्यवस्था निर्माण झाली. महाराष्ट्रात १९६० नंतर जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखाने व शिक्षणसंस्था यांचे जाळे वाढले. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर मात्र केवळ रस्ते, कालवे व कारखाने यांमुळे ग्रामीण दारिद्र्य हटत नाही, अशी जाणीव बळावली. डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांची एक नवी पिढी या काळात खेड्यांकडे वळली. तिने आपले काम सेवा म्हणून न मानता प्रयोग म्हणून मांडले आणि त्याची मोजमापे ठेवली.

बालशिक्षण : ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेण्यात आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे आढळल्यावर शिक्षिकांनीच पाड्यावर जाऊन घरांच्या अंगणात वर्ग भरविले. ‘अंगणवाडी’ हे नाव या प्रयोगाशी निगडित आहे. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. शंख, शिंपले, बिया, पाने असे परिसरातील साहित्य वापरून खर्चिक बालशिक्षण पद्धती गरिबांना परवडेल अशी करण्यात आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव व रूप सर्व भारतात नेले. पोषण व लसीकरण यांची जोड मिळाल्याने ती कल्पना अधिक व्यापक झाली. परंतु कोसबाडच्या प्रयोगाचा गाभा असलेले बालशिक्षण योजनेत बराच काळ दुय्यम राहिले आणि अंगणवाडी सेविकांना नियमित वेतनाऐवजी मानधनावर राबावे लागले.

ग्रामीण आरोग्य : डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–९९) यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून त्यांनी तयार केले. गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, जुलाबावर साधे उपाय, स्वच्छ पाणी व पोषण ही त्यांची कामे होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकल्पाची नोंद घेतली गेली आणि १९७८ च्या आल्मा आता येथील प्राथमिक आरोग्यविषयक जाहीरनाम्यामागील अनुभवांत त्याची गणना होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला.

भारत सरकारने १९७७ मध्ये गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची योजना देशभर सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण व दरमहा पन्नास रुपये मानधन अशी तिची रूपरेषा होती. निवड झालेले बहुसंख्य कार्यकर्ते मात्र पुरुष होते आणि सततचे प्रशिक्षण व गावाशी असलेले उत्तरदायित्व या जामखेडच्या पद्धतीतील दोन मुख्य गोष्टी योजनेत उतरल्या नाहीत. ती योजना काही वर्षांतच क्षीण झाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीच्या रूपाने या कल्पनेचे पुनरुज्जीवन झाले व या वेळी त्या स्त्रियाच असाव्यात, हे तत्त्व मान्य झाले.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोली येथील ‘सर्च’ या संस्थेने संशोधनाला अग्रस्थान दिले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दोन गावांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. कुटुंबनियोजनापलीकडे स्त्रियांच्या आरोग्याचा विचार करण्यास त्यामुळे चालना मिळाली. संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला व ४७ गावांशी त्याची तुलना केली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर लागू केली. निष्कर्षाची प्रसिद्धी व शासनाचा स्वीकार यांत बारा वर्षांचे अंतर पडले.

शेती व पाणी : मणिभाई देसाई (१९२०–९३) यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या प्रतिष्ठानाने संकरित गाईंची पैदास व गोठविलेल्या वीर्याचे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेले मृद व जलसंधारणाचे काम राज्याच्या आदर्शगाव योजनेस (१९९२) आधारभूत ठरले. अशा अनुभवांच्या आधारे १९९५ पासून लागू झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पाणलोट विकासाच्या अंमलबजावणीत स्वयंसेवी संस्थांना अधिकृत स्थान दिले.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठानाद्वारे चालविलेल्या पाणी पंचायतीचा प्रयोग अधिक मूलगामी होता. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, दरडोई अर्धा एकर व एका कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर भिजेल इतका द्यावा. भूमिहीनांनाही वाटा असावा. उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलावा, असे तिचे नियम होते. २००५ च्या कायद्याने राज्यात पाणीवापर संस्थांना वैधानिक स्थान मिळाले, तरी पाण्याचा हक्क लाभक्षेत्रातील जमिनीशीच जोडलेला राहिला. बंधारे, सलग समतल चर व झाडोरा या तांत्रिक गोष्टी शासनाने उचलल्या. पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मात्र बाजूला राहिले.

हक्कांचे कार्य : सेवा व प्रयोग यांखेरीज कायद्यात बदल घडवून आणणे हे तिसरे कार्यक्षेत्र होय. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या सुमारास मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ व स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाल्या. १९८० मध्ये बलात्कारविरोधी आंदोलनात महाराष्ट्रातील स्त्रीसंघटना अग्रभागी होत्या. १९८३ मध्ये संबंधित फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा २००२ मध्ये आंदोलनातून आला व २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. या कार्याची किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने संमत केला.

कायदा व नियंत्रण : महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी बहुधा दुहेरी असते, १८६० च्या अधिनियमाखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली (नंतरचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) सार्वजनिक न्यास म्हणून. विश्वस्तांतील बदल, स्थावर मिळकतीची विक्री व वार्षिक हिशेब यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. परदेशी देणग्यांसाठी १९७६ मध्ये परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम झाला व २०१० मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने तो दुसरीस देण्यास मनाई केली. त्याचा परिणाम विशेषतः मोठ्या संस्थांमार्फत साहाय्य मिळविणाऱ्या लहान ग्रामीण संस्थांवर झाला. १९८२ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या कुदाल आयोगाने गांधी शांती प्रतिष्ठान व इतर गांधीवादी संस्थांची चौकशी केली. आणीबाणीविरोधी चळवळीशी असलेल्या संबंधांमुळे ही चौकशी झाल्याची टीका त्या वेळी झाली. दुसरीकडे १९८६ मध्ये ‘कपार्ट’ ही साहाय्यदायी परिषद आणि २००७ मध्ये स्वयंसेवी क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण अस्तित्वात आले. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे आवश्यक केले व निधीचा एक नवा स्रोत निर्माण झाला.

मर्यादा : स्वयंसेवी संस्थांचे कार्य प्रायः स्थानिक असते व ते संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वाशी निगडित राहते, त्याच्या पश्चात अनेक संस्था निस्तेज झाल्या. पुणे, मुंबई, वर्धा यांसारख्या केंद्रांच्या आसपास संस्थांची गर्दी, तर ज्या भागांत त्यांची गरज अधिक तेथे विरळता, असा असमतोल आढळतो. न्यासाचे कायदेशीर स्वरूप घेऊन नफा मिळविण्याचे प्रकारही घडले. १९८३ नंतर विनाअनुदान तत्त्वावर तंत्रशिक्षणाची महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाल्यावर, शिक्षणसंस्था हे राजकीय सत्तेचे व संपत्तीचे साधन बनल्याची टीका होत आली आहे. मूठभर धान्यावर वाढलेली संस्था आणि देणगीशुल्कावर उभी राहिलेली संस्था यांची नोंदणी एकाच कायद्याखाली होते.

मूल्यमापन : महाराष्ट्राच्या विकासात स्वयंसेवी संस्थांचा वाटा त्यांनी चालविलेल्या शाळा वा दवाखाने यांच्या संख्येवरून ठरविणे अपुरे ठरेल. निरक्षर स्त्री आरोग्यसेवा देऊ शकते, आदिवासी मूल अंगणात शिकू शकते, कुष्ठरोगी घरी बरा होऊ शकतो व भूमिहीनाचा पाण्यावर हक्क असू शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. त्यांपैकी जे तंत्राच्या स्वरूपाचे होते, ते शासनाने विलंबाने का होईना स्वीकारले. जे विषमतेला हात घालणारे होते, ते बहुधा तसेच राहिले आणि त्यासाठी संस्थांना शासनाशी वाद घालावा लागला. दरम्यान निधीचा मुख्य स्रोत जनतेच्या वर्गणीकडून अनुदान, परकीय साहाय्य व कंपन्यांचा खर्च यांकडे सरकला. ठरावीक मुदतीत ठरावीक काम करून देणारे कंत्राटदार असे रूप त्यामुळे अनेक संस्थांना आले आहे. अशा संस्था सेवा चोख देऊ शकतात. तथापि नवा प्रयोग करण्यास लागणारा अवधी व अप्रिय सत्य सांगण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे उरतेच असे नाही. हंटर आयोगापुढे फुले यांनी मांडलेली भूमिका या संदर्भात आजही उपयुक्त आहे. लोकांनी संस्था चालवाव्यात, परंतु त्यामुळे शासन आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही आणि त्या कर्तव्याची आठवण देणे हेही संस्थेचेच काम ठरते.